मस्टरवर न उतरलेली माणसं

या क्षेत्राला मराठीत अजून एकच असं पक्कं नाव नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ते ‘संघटनात्मक वर्तन’ या नावाखाली येतं, मोठ्या कंपन्यांत त्याला ‘ओडी’ म्हणतात, काही जण ‘संस्था-विकास’ लिहितात, आणि माझ्या कार्डावर ‘माणूसकेंद्री नेतृत्व सल्लागार’ असं छापलेलं आहे. माळेगाव बुद्रुकच्या आमच्या आळीत ते कार्ड कोणाला दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे ताई, तुम्ही नेमकं करता काय?” मी सांगते, “कारखान्यांत, कंपन्यांत माणसं का टिकत नाहीत, का दबून राहतात, साहेबाचं कुठे चुकतंय, हे त्या माणसांबरोबर बसून शोधते आणि साहेबाला दाखवते.” त्यावर एकदा एक चुलते म्हणाले, “हे ज्यानं सोसलंय त्यालाच कळायचं, पोरी.” या पुस्तकाचा अर्धा विषय त्यांच्या वाक्यात आला. उरलेला अर्धा असा, की सोसलेल्याला कळतं हे खरं असलं तरी तेवढ्यावर त्याला दुसऱ्याचं दुखणं बरं करता येत नाही. मध्ये बराच अभ्यास लागतो. तो अभ्यास कुठून आला आणि त्यात आपल्या मातीतलं किती आहे, हे नव्याने येणाऱ्यांना सांगावं म्हणून ही प्रस्तावना.

माझं स्वतःचं सोसणं थोडक्यात सांगते, कारण या वाटेला लागलेल्या पुष्कळांची गोष्ट साधारण अशीच असते. एमबीए करून मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात लागले. रोज सकाळी नऊला मीटिंग. आदल्या दिवशी ज्याच्या लाइनवर उत्पादन कमी निघालं, त्याने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं. पन्नाशीला आलेला, घरी लेकीच्या लग्नाची बोलणी चाललेला सुपरवायझर खाली मान घालून हातातल्या वहीचा कोपरा दुमडत राहायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा. मीटिंग सुटली की तोच लाइनवर जाऊन तेच शब्द ऑपरेटरला ऐकवायचा. कोणी नोकरी सोडली की जाण्यापूर्वीची मुलाखत घेण्याचं काम माझ्याकडे होतं. फॉर्मवर कारणांचे चौकोन होते : पगार, अंतर, पुढचं शिक्षण, दुसरी संधी आणि शेवटी ‘वैयक्तिक कारण’. जवळजवळ प्रत्येक जण शेवटच्या चौकोनात खूण करायचा. मी ती महिन्याच्या तक्त्यात भरायचे, आणि तक्ता बघून वरचे साहेब म्हणायचे, आपल्याकडे वातावरणाबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांनी माझी झोप गेली. घरून फोन आला की छातीत धडधडायचं. राजीनामा दिला तेव्हा, मीच छापून आणलेल्या त्या फॉर्मवर, मीही ‘वैयक्तिक कारण’ या चौकोनात खूण केली. अनुभवपत्र हवं होतं.

दुसऱ्या नोकरीत कोणी आवाज चढवत नसे. तिथे रात्री अकराला मेसेज यायचा आणि त्याच्या शेवटी हात जोडलेली खूण असायची. ती नोकरीही सोडून मी गावी आले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात हंगामी पॅनमन होते. दिवाळीच्या सुमाराला भोंगा सुरू झाला की घराचं घड्याळ पाळीवर चालायचं, आणि हंगाम संपला की ‘रिटेन्शन’वर, म्हणजे बिगरहंगामी भत्त्यावर, महिने काढायचे. लहानपणी एकदा डबा द्यायला गेले असताना त्यांचं काम जवळून पाहिलं होतं. पॅनमध्ये उसाच्या रसाचा पाक आणखी आटतो आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा किती वाढला हे बघण्यासाठी अण्णा पाकाचा नमुना काढून काचेच्या पट्टीवर अंगठ्याने पसरायचे आणि पट्टी उजेडासमोर धरायचे. शेजारी रसायनशास्त्राची पदवी असलेले, पगाराने आणि हुद्द्याने कितीतरी मोठे चीफ केमिस्ट उभे असायचे. ते विचारायचे, “झालं का?” अण्णा काच पुन्हा बघायचे आणि म्हणायचे, “थोडं थांबा, साहेब.” साहेब थांबायचे. पॅन कधी सोडायचा याचा शब्द काच धरणाऱ्याचा होता.

गावी परतल्यावर मी अण्णांना विचारलं, “तो साहेब तुम्हांला कधी ओरडला नाही का?” ते म्हणाले, “ओरडला की! पण दाण्याच्या वेळी नाही.” पुढे मेरी पार्कर फॉलेट वाचताना हे उत्तर मला आठवलं. एखाद्यावर गाजवलेली सत्ता आणि एखाद्याबरोबर मिळून वापरलेली सत्ता, असा फरक या अमेरिकन विदुषीने शंभर वर्षांपूर्वी मांडला. प्रसंगच सांगतो की आत्ता काय करायला हवं, साहेब आणि कामगार दोघांनीही हुकूम त्या प्रसंगाकडून घ्यावा, असं तिचं म्हणणं. काचेच्या पट्टीवरचा दाणा हा तसा प्रसंग होता. फॉलेट या क्षेत्राची आजी मानली जाते आणि तिचं लेखन आजही ताजं वाटतं. मात्र या विषयाची सुरुवात पाश्चात्त्य नावांपासूनच करायची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही.

माझ्या मते आपल्या परंपरेतला पहिला माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, घराणं आमच्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीतलं जगणं त्यांनी आत राहून पाहिलं : दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवायला धड सुट्टी नाही, पगाराची तारीख मालकाच्या मर्जीवर. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, पाच हजारांहून अधिक सह्या जमवल्या आणि मागण्या मांडल्या. आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर काम नको, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. मी नव्या विद्यार्थ्यांना ही यादी समोर ठेवून वाचायला लावते. तिच्यात ‘आम्हांला सन्मान द्या’ असं एक मोघम वाक्य नाही. अपमान दिवसाच्या कोणत्या तासाला, पगाराच्या कोणत्या तारखेला, जेवणाच्या कोणत्या मिनिटाला होतो, हे लोखंड्यांनी नेमकं शोधलं होतं आणि उपायही तिथेच सांगितला होता. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आज सल्लागार जाडजूड अहवाल देतात, त्यांनी तो अहवाल लोखंड्यांच्या पाच ओळींशेजारी ठेवून बघावा.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवण्याची त्रिपक्षीय पद्धत रुजवली, आणि ४८ तासांचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने आला. महाराष्ट्रातल्या साखर कामगारांचे पगार आजही त्रिपक्षीय समितीतल्या करारावर ठरतात. अण्णांच्या पगाराच्या चिठ्ठीतल्या आकड्याचं मूळ असं दिल्लीतल्या त्या टेबलापर्यंत जातं. या इतिहासाला लोक ‘कामगार चळवळ’ म्हणतात आणि नेतृत्वाच्या अभ्यासाला ‘व्यवस्थापन’, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत राहतात. मला हे विभाजन नुकसानीचं वाटतं. नेता माणसाला कसा वागवतो हा प्रश्न दोन्ही कपाटांत एकच आहे.

मालकाच्या बाजूने पाहायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्यावं लागतं. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना तिथे पहाऱ्याचं काम दिलं. ज्याच्यावर गाव विश्वास ठेवत नाही त्याच्या हाती रात्रीची राखण देणं, हे भाषणात सांगण्याइतकं सोपं नाही. त्याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हेही असंच कारखान्याभोवती उभं राहिलेलं गाव. मात्र कारखान्याने वसवलेल्या गावात मालकाची माया आणि मालकाची पकड या दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येतात. चांगला मालक मिळणं हे नशीब आहे, आणि नशिबावर कोणतंही शास्त्र उभं राहत नाही.

इथे माझी एक चूक सांगायला हवी, कारण हे पुस्तक लिहायचं ठरलं ते त्या चुकीमुळे. सल्लागार म्हणून सुरुवातीच्या कामांपैकी एक काम मध्यम आकाराच्या कारखान्यातलं होतं. माणसं भराभर सोडून जात होती. मी चार दिवस लाइनवर उभी राहिले, चहाच्या टपरीवर बसले, आणि माझ्या नजरेत एक सुपरवायझर भरला. तो शिव्या द्यायचा, रजा नाकारायचा, मुली त्याच्यासमोर बोलायला घाबरायच्या. मला त्याच्यात माझ्या पहिल्या कंपनीतले साहेब दिसत होते. मी अहवालात त्याच्यावर बोट ठेवलं. मालकाने त्याला काढलं आणि माझं बिलही वेळेत दिलं. सहा महिन्यांनी गेले तर त्या जागी आलेला, स्वभावाने मवाळ असलेला मुलगा तसाच ओरडत होता. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, त्याच्याबरोबर अख्खी पाळी बसले. तीन वेगवेगळे साहेब त्याला तीन वेगवेगळी टार्गेटं देत होते. कच्चा माल दुपारी दोनला यायचा आणि मोजणी सहाला व्हायची. रजा मंजूर करण्याचा अधिकार त्याला नव्हताच, नाही म्हणण्याचं काम तेवढं त्याच्याकडे होतं. ज्याला मी काढायला लावलं तो माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण त्याच्या घरचा पगार मी बंद केला आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. माझ्या जुन्या जखमेने माझ्याऐवजी तो अहवाल लिहिला होता.

त्यानंतर मी अहमदाबादचा प्रयोग पुन्हा वाचायला घेतला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस गौतम साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन आणि कापडाचा दर्जा मनासारखा येत नव्हता. कामगार आळशी आहेत किंवा मुकादम कठोर आहे, असलं निदान राइस यांनी केलं नाही. त्यांनी कामाची मांडणी पाहिली. मागखात्यात कामाची इतकी बारीक फोड झाली होती की एकाने धागा जोडायचा, दुसऱ्याने बॉबिन भरायच्या, तिसऱ्याने आणखी काही, आणि अमुक मागांचं कापड ‘आपलं’ म्हणायला कोणीच नव्हतं. ठराविक मागांची सगळी जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी असं त्यांनी सुचवलं. कामगारांनी ती कल्पना ताबडतोब उचलली आणि आपले गट स्वतःच पाडले. मधले चढउतार सोसून उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. राइस यांचं पुस्तक १९५८ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. या कथेचा उत्तरार्ध मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९७० मध्ये संशोधक एरिक मिलर यांनी तिथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात ती गटपद्धत टिकून होती आणि इतरत्र जुनी मांडणी परत आली होती. बदल घडवण्यापेक्षा तो सांभाळण्याचं काम लांबचं असतं, आणि सल्लागार बहुतेक वेळा बदल घडला की निघून जातो.

भारतात या विषयाचं स्वतःचं घराणंही आहे. अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी गिरण्यांतल्या माणसांच्या संबंधांचा अभ्यास स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू केला होता. १९७४ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अभ्यासकांना मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने कामाच्या मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावलं, आणि त्यातून मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग ही कल्पना देशात रुजली. माणूस वाढवणं हे ज्याचं काम ठरलं होतं, त्या विभागातच मी ‘वैयक्तिक कारणां’चे तक्ते भरत होते, हे मला विसरता येत नाही.

आता आमच्या गावाकडे येते, कारण या क्षेत्राची सर्वांत अवघड परीक्षा मला इथे दिसते. सहकारी साखर कारखाना ही कल्पनाच माणूसकेंद्री आहे. एकराचा धनी असो की चाळीस एकरांचा, सभासदाला मत एकच. वार्षिक सभेत गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला म्हातारा उठून अध्यक्षांना उसाच्या दराचा जाब विचारतो, आणि अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं. असा नेता-अनुयायी संबंध मी कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीत पाहिलेला नाही. आतल्या कामगाराला युनियन आहे, करार आहे, रिटेन्शन आहे. पण ज्या उसावर हे सगळं उभं आहे तो तोडणारी माणसं बीडकडून, अहिल्यानगरकडून येतात, रानात कोप्या करून राहतात, आणि कारखान्याच्या मस्टरवर त्यांचं नाव नसतं. त्यांचा हिशोब मुकादमाच्या वहीत. उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे मोजमापात बाई स्वतंत्र माणूसच नाही. एक दिवस अंग टाकलं तर खाडा पडतो आणि त्याचा दंड वळता होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्र हादरला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रश्नाच्या मुळाशी गरिबी आहे, दवाखान्यांचा धंदा आहे, पण खाडा हा शब्दही आहे. तो शब्द एखाद्या नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकात सापडेपर्यंत हे शास्त्र अपुरं आहे असं मी मानते.

म्हणून या पुस्तकात ‘माणूसकेंद्री’ या शब्दाची माझी कसोटी अशी आहे : संस्थेच्या कामाचा भार वाहणारा, पण तिच्या मस्टरवर नसलेला माणूस कोण, आणि तिच्या नेत्याला त्याचं नाव माहीत आहे का? ऊसतोडीत तो कोयता आहे. बारामतीच्या एमआयडीसीत तो ठेकेदाराकडचा मुलगा आहे. पुण्याच्या काचेच्या इमारतीत तो मस्टरवर असूनही नसल्यासारखा असतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखासंस्थेत जेमतेम चार महिने काम केलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचं निधन झालं. तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशाने वाचलं. मी ते वाचताना माझ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं. योगासनांचे वर्ग आणि फळांच्या टोपल्या वाटून काम उरकणाऱ्यांनी त्या व्याख्येकडे परत एकदा पाहावं.

पद्धतीबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथे एकच सांगते. तक्रारी कमी म्हणजे संस्था निरोगी, हा समज आधी टाकून द्या. हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथल्या परिचारिकांना चूक सांगायची भीती नव्हती. यातूनच १९९९ मध्ये त्यांनी मांडलेली ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना पुढे आली. माझ्या जुन्या तक्त्यातली तक्रारीची रिकामी ओळ मला हे वाचलं त्या दिवशी नीट वाचता आली.

आणि एक सावधगिरी. आपल्याला बोलावतो मालक, बिल देतो मालक, आणि बोलतो मात्र कामगार. त्याने विश्वासाने सांगितलेलं वाक्य अहवालात असं उतरवू नका की कोण बोललं हे साहेबाला ओळखता येईल. हे सांभाळता येणार नसेल तर काम घेऊ नका. मी दोनदा काम परत पाठवलं आहे आणि दोन्ही वेळा पैशाची गरज होती.

हे पुस्तक एमबीएच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसंच साखर कारखान्याच्या शेतकी विभागातल्या चिटबॉयसाठी, शाळेच्या मुख्याध्यापिकेसाठी, पतसंस्थेच्या व्यवस्थापकासाठी आणि वाईट नोकरीतून नुकतंच बाहेर पडून ‘आता पुढे काय’ म्हणून बसलेल्या माणसासाठीही आहे. त्या शेवटच्या वाचकाला एवढंच सांगते की घाई करू नका. आधी झोप परत येऊ द्या. मग या, इथे तुमची गरज आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या ओळखीच्या ज्या माणसाने गेल्या वर्षभरात नोकरी सोडताना ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं असेल त्याला फोन लावा, आणि खरं कारण विचारून तो सांगेल तेवढा वेळ मध्ये न बोलता ऐका.

माळेगाव बुद्रुक, ता. बारामती
गाळप हंगामाची अखेर